मिस्टिंग तापमानावर चालवू नका: छाट कलमांच्या पॉलिहाऊसमधलं ऑटोमेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०० चौरस मीटरचं पॉलिहाऊस, आत छाट कलमांचे (मुळं फुटण्यासाठी लावलेल्या कांड्यांचे) ट्रे, वर प्रत्येकी ताशी २८ लिटरचे ४० फॉगर, म्हणजे मिस्टिंगसाठी धुक्यासारखं पाणी फवारणारी तोंडं. तापमान-आर्द्रता मोजणारा एक डीएचटी२२ सेन्सर, कोड चालवणारा ईएसपी३२ बोर्ड आणि त्याच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच, म्हणजे रिले. तापमान ३२ अंशांच्या वर गेलं किंवा आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली आली की फॉगर चालू, नाहीतर बंद. प्रत्यक्षात दुपारी फॉगर कधी अर्धा-अर्धा तास थांबतच नाहीत, कधी पानांनी माना टाकल्या तरी सुरू होत नाहीत, आर्द्रता ९९.९ वर अडकून बसते आणि आठ-दहा दिवसांत कांड्या बुडापासून काळ्या पडतात. विचारलंय ते एवढंच, की याहून चांगला सेन्सर कोणता?

सेन्सर बदला, पण त्याने फार तर ९९.९ चा त्रास कमी होईल. कांड्या कुजायच्या थांबणार नाहीत. तुम्ही एकाच पाण्याकडून दोन कामं करून घेताय: पान ओलं ठेवणं आणि घर थंड करणं. या दोन कामांना लागणारं पाणी वेगवेगळं आहे आणि वेळही वेगळी आहे. पहिलं काम फॉगर उत्तम करतात. दुसरं त्यांच्या गळ्यात मारलं की ते आधी माध्यम (कांड्या ज्यात खोचल्यात ते कोकोपीट) भिजवतात आणि मग कलमं मारतात.

थोडा हिशेब करू. ४० फॉगर म्हणजे ताशी ११२० लिटर, सेकंदाला साधारण ०.३१ लिटर. अर्धा तास न थांबता चालले तर ५६० लिटर, म्हणजे चौरस मीटरला साडेपाच लिटरच्या वर. हा अर्ध्या तासात पडलेला साडेपाच मिलिमीटर पाऊस झाला, तोही मुळं नसलेल्या कांड्यांवर. त्या हे पाणी ओढू शकत नाहीत. ते ट्रेमध्ये साचतं, कोकोपीटमधली हवा बाहेर काढतं आणि कापलेल्या टोकाशी बुरशीची सोय करून देतं.

एवढं पाणी ओतून घर तरी थंड होतं का? भर दुपारी बाहेरचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट धरा. प्लास्टिकमधून त्यातलं पाऊण आत आलं तर १०० चौरस मीटरवर ७५ किलोवॅट उष्णता झाली. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे ०.६८ किलोवॅट-तास लागतात. म्हणजे ही उष्णता फक्त पाण्याने काढायची तर ताशी ११० लिटरची पूर्ण वाफ व्हायला हवी आणि ती वाफ बाहेरही जायला हवी. ४ बार दाबावर चालणाऱ्या फॉगरचा थेंब त्यासाठी मोठा आहे. बराचसा हवेत विरायच्या आधीच खाली बसतो. उलट प्लास्टिकच्या वर, थोडी मोकळी जागा सोडून, ७५ टक्क्यांचं शेडनेट ओढलं तर तीच ७५ किलोवॅट उष्णता १९ वर येते आणि त्याला पाण्याचा थेंब लागत नाही. (काळं नेट प्लास्टिकच्या आत बांधू नका. ते ऊन अडवतं, पण स्वतः तापून ती उष्णता आतच सोडतं.)

दुसरी मर्यादा हवेची. पाण्याच्या वाफेने हवा ओल्या बल्बच्या (ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानापलीकडे थंड होत नाही. बाहेर ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर ही खालची हद्द २४ अंशांच्या आसपास येते, म्हणजे वाव भरपूर आहे. ३४ अंश आणि ७५ टक्के असेल तर ती ३० अंशांवर येते. तशा दमट दिवशी तुमचा ३२ अंशांचा नियम तासन् तास पूर्ण होणार नाही आणि फॉगर बिचारे चालतच राहतील. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय असा माझा अंदाज आहे.

म्हणून तापमानाचं काम क्रमाने सावली, खिडक्या आणि एक्झॉस्ट पंख्यांकडे द्या. पंखा ३१ ला चालू आणि २९ ला बंद, असा दोन अंशांचा फरक ठेवा आणि एकदा चालू झाला की किमान ३ मिनिटं चालू द्या, नाहीतर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) दिवसभर टकटक करत राहील. मिस्टिंग सुरू होताना आणि त्यानंतर ४०-५० सेकंद एक्झॉस्ट थांबवा, म्हणजे धुकं पानांवर बसेल, बाहेर जाणार नाही. हे आकडे तुमच्या पिकानुसार हलतील. नेमके कितीवर ठेवता यापेक्षा मिस्टिंगचा त्यांच्याशी संबंध तोडणं महत्त्वाचं.

मग मिस्टिंग कशावर चालवायचं? आर्द्रतेच्या टक्क्यांवरही नको. २० अंशांना ८० टक्के आणि ३५ अंशांना ८० टक्के ही पानाच्या दृष्टीने एकच गोष्ट नाही. हवेची पाणी ओढण्याची ताकद म्हणजे बाष्पदाबाची तूट, जिला सगळे व्हीपीडी म्हणतात. २० अंशांना ८० टक्क्यांवर ती ०.४७ किलोपास्कल असते, ३५ अंशांना त्याच ८० टक्क्यांवर १.१२. टक्के तेच आणि ओढ जवळपास अडीचपट. काढायला सोपी आहे. आधी संतृप्त बाष्पदाब काढा: ०.६१०८ गुणिले एक्स्प (१७.२७ × तापमान ÷ (तापमान + २३७.३)), इथे एक्स्प म्हणजे ई चा तेवढा घात. त्याला (१ − आर्द्रता ÷ १००) ने गुणलं की तूट किलोपास्कलमध्ये मिळते. ईएसपी३२ ला हे गणित म्हणजे काहीच नाही.

पण ही हवेची तूट झाली. पान उन्हात हवेपेक्षा तापतं. हवा ३० अंश आणि ८० टक्के असताना तूट ०.८५ आहे. त्याच वेळी पान ३ अंशांनी जास्त तापलेलं असेल तर त्याच्या पृष्ठभागापाशी ती १.६४ होते, जवळजवळ दुप्पट. आर्द्रतेचा सेन्सर 'सगळं ठीक' सांगत असताना पानं माना टाकतात त्याचं हे एक कारण. यासाठी प्रकाशाचा सेन्सर जोडा. बीएच१७५० चालतो, पण तो नेहमीच्या सेटिंगमध्ये ५४,६०० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) आसपास भरून जातो. पूर्ण उन्हात १ लाख लक्स असतात, म्हणून तो शेडनेटखाली, पिकाच्या उंचीवर आणि पारदर्शक झाकणात ठेवा. प्लास्टिक आणि ७५ टक्के नेटखाली भर दुपारी २०,००० च्या आसपास आकडा दिसेल.

आता नियम असा लिहा. दर मिनिटाला तूट काढा, तिला (१ + लक्स ÷ २०,०००) ने गुणा आणि आलेला आकडा एका बेरजेत टाकत जा. बेरीज १२ झाली की ६ सेकंद मिस्टिंग द्या आणि बेरीज शून्यावर आणा. एवढंच. ३० अंश, ८० टक्के आणि २०,००० लक्सला मिनिटाला १.७ जमा होतात, म्हणजे साधारण ७ मिनिटांनी एक झोत. ढगाळ सकाळी २४ अंश, ९२ टक्के आणि ५,००० लक्सला मिनिटाला ०.३ जमतात, म्हणजे ४० मिनिटांनी एक. ढग आला की अंतर आपोआप वाढतं, ऊन पडलं की कमी होतं, तुम्हाला टायमर फिरवत बसावं लागत नाही. दिवसाला ८०-९० झोत झाले तर १५० ते १७० लिटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला दीड-पावणेदोन लिटर, तेही दहा तासांत विखुरलेलं. अर्ध्या तासाच्या साडेपाचशी याची तुलना करून बघा.

याला तीन कुंपणं घाला. दोन झोतांत किमान २ मिनिटं अंतर ठेवा. ३६ अंश, ४५ टक्के आणि २०,००० लक्सला मिनिटाला साडेसहा जमा होतात, म्हणजे बेरीज दोन मिनिटांच्या आतच भरते आणि हे कुंपण आड येतं. तसं वारंवार होऊ लागलं तर सेटिंग बदलू नका, सावली वाढवा. दुसरं, दिवसा कमाल अंतर ४५ मिनिटं ठेवा, सेन्सर काहीही सांगो. तिसरं, सूर्यास्ताच्या तासभर आधी बंद, म्हणजे पानं कोरडी होऊन रात्रीत शिरतील. रात्री फक्त तूट ०.८ च्या वर टिकली तरच एखादा झोत.

१२ हा आकडा ताज्या, मऊ पानांच्या कलमांसाठी सुरुवातीचा आहे. कॅलस (कापलेल्या टोकावरची गाठ) धरलं की १८, मुळ्या अर्धा सेंटिमीटर दिसू लागल्या की ३०, आणि बाहेर काढायच्या आठवड्यात ६०, अशा चढत्या क्रमाने माध्यमाला कोरडं व्हायला वाव द्या. लव असलेली, राखाडी किंवा मांसल पानं असतील तर सुरुवातच २५ ने करा, ती ओलाव्याने पटकन सडतात. ताजी आणि मुळं धरलेली कलमं एकाच व्हॉल्व्हवर असतील तर मात्र यातलं काहीच जमणार नाही. प्रत्येक टप्प्याला वेगळा बेड, वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळी बेरीज हवी. सेन्सर एकच चालेल.

६ सेकंद बरोबर आहेत का, हे पानाकडे बघून ठरतं. झोत संपताना एक मोठं पान डोळ्याजवळ धरा. बारीक ठिपक्यांची दाट लव दिसली पाहिजे. ठिपके एकमेकांत मिसळून पानाच्या टोकाशी थेंब लटकला, तर तो थेंब माध्यमात जाणार, सेकंद कमी करा. मग हातात घड्याळ घेऊन त्याच पानाकडे बघत राहा. पाणी आधी कडेवरून उडतं, मग शिरांच्या मधून, शेवटी मधल्या शिरेच्या खाचेत एक रेघ उरते. कडा कोरड्या झाल्या आणि खाच अजून ओली आहे, ही पुढच्या झोताची वेळ. सकाळी ८, दुपारी १ आणि ४ वाजता हे अंतर मोजा आणि यंत्राच्या अंतराशी ताडून बघा. तिन्ही वेळा यंत्र सारख्याच प्रमाणात चुकत असेल तर १२ चा आकडा बदला. फक्त दुपारी चुकत असेल तर लक्सचा भाजक बदला.

आता सेन्सर. डीएचटी२२ दमट हवेत सतत राहिला की वर सरकतो आणि एकदा पाणी बसलं की ९९.९ वर चिकटतो. एसएचटी३१ घ्या. त्याची आर्द्रतेची अचूकता साधारण २ टक्के असते आणि आत छोटा हीटर असतो. तो अधूनमधून काही सेकंद चालवला की बसलेलं दव उडतं (त्यानंतरचं एक-दोन मिनिटांचं वाचन फेकून द्या). पण महागातला सेन्सरही फॉगरखाली उघडा टांगला तर ओलाच होणार. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, तो पिकाच्या उंचीवर तोंड खाली करून टांगा, सेन्सर मधोमध ठेवा आणि वरच्या टोकाला हवा वर ओढणारा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा बसवा. हवा आधी सेन्सरवरून आणि मग पंख्यातून गेली पाहिजे, म्हणजे पंख्याची उष्णता सेन्सरवर येत नाही. झोत चालू असताना आणि नंतर ९० सेकंद वाचन घेऊ नका, आधीचंच धरा.

ज्यांना इलेक्ट्रॉनिक आर्द्रतेचा कंटाळा आलाय त्यांनी कोरड्या-ओल्या बल्बची जोडी करून बघावी: डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचे दोन प्रोब, एकावर सुती वात, वात शुद्ध पाण्याच्या बाटलीत, आणि दोन्हींवरून पंख्याने सेकंदाला किमान ३ मीटर वेगाची हवा. कोरडा ३२ आणि ओला २९ म्हणजे जवळपास ८० टक्के. दमट हवेत ही जोडी भरवशाची असते. वात मात्र दर पंधरवड्याला बदला, क्षार बसले की ओला बल्ब खोटं बोलू लागतो. डीएस१८बी२० ची एक खोड ध्यानात असू द्या: वीज खेळली की तो ८५ अंश सांगतो आणि वायर सुटली तर नेहमीची लायब्ररी −१२७ देते. कोडमध्ये हे दोन्ही आकडे गाळले नाहीत तर मध्यरात्री सगळे पंखे सुरू होतात.

नळजोडणीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि ६ सेकंदांचा झोत तिथेच फसतो. १६ मिलिमीटरच्या नळीत, आतला व्यास १४ धरला तर, १५ मीटरला २.३ लिटर पाणी मावतं. अशा चार ओळी म्हणजे ९ लिटरच्या वर. तुमचा एक झोत आहे जेमतेम १.९ लिटरचा. झोत संपल्यावर नळ्या फॉगरमधून रिकाम्या होत असतील तर पुढच्या ६ सेकंदांत नळ्याच भरत राहतील, धुकं निघणारच नाही, आणि मागे राहिलेलं पाणी खालच्या कलमांवर टपटपेल. फॉगरच्या बरोबर खालचेच ट्रे कुजतायत का ते बघा. कुजत असतील तर कारण हेच. प्रत्येक फॉगरला गळतीरोधक व्हॉल्व्ह हवा, म्हणजे दाब उतरला की तो बंद होऊन नळी भरलेली राहते. सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह बेडजवळ बसवा, पंपाजवळ नको. पडद्यावर चालणारे मोठे व्हॉल्व्ह बंद व्हायला एक-दोन सेकंद घेतात, तेवढे ६ सेकंदांतून वजा धरा.

पंप दर सात मिनिटांनी सुरू करायचा नाही, मोटर जळेल. पडद्याची प्रेशर टाकी बसवा. १०० लिटरची टाकी, आत ३.३ बार हवा, प्रेशर स्विच ३.५ ला चालू आणि ४.५ ला बंद, एवढ्यात साधारण १७ लिटर पाणी निघतं. म्हणजे आठ-नऊ झोतांनी एकदा पंप. दाब ३.५ च्या खाली गेला की थेंब मोठे होतात, म्हणून शेवटच्या फॉगरपाशी एक प्रेशर गेज कायमचा लावून टाका. फिल्टर १३० मायक्रॉनचा डिस्क. पाणी क्षाराचं असेल तर तोंडांवर पांढरा थर बसतो. ती काढून रात्रभर सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात टाका, तार घालून टोकरू नका, भोक वाकडं झालं की तो फॉगर कायमचा पिचकारी मारतो.

ट्रेखाली गरम होणारी केबल टाकून खालून ऊब देत असाल तर तिचा थर्मोस्टॅट वेगळा ठेवा आणि प्रोब कांडीच्या टोकाच्या खोलीवर, माध्यमात. बऱ्याच झाडांना तिथे २२ ते २५ अंश पुरतात. ट्रे हलवताना प्रोब बाहेर पडला तर तो थंड हवा मोजत राहतो आणि केबल माध्यम शिजवते. म्हणून ३२ अंशांना तोडणारा दुसरा, साधा यांत्रिक थर्मोस्टॅट केबलला मालिकेत जोडा.

शेवटी पॅनल. रिलेवरून मोटर थेट चालवू नका, संपर्कबिंदू चिकटतात. रिलेने कॉन्टॅक्टर ओढा, त्याच्या कॉइलवर आरसी स्नबर (विजेचा झटका शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी) लावा, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना बोर्ड रीसेट होतो आणि कोडमध्ये चूक शोधण्यात आठवडा जातो. बाजारातले बरेच रिले मॉड्यूल लो सिग्नलवर चालू होतात, बोर्ड उठताना ते क्षणभर फॉगर उघडतात. हाय सिग्नलवरचा घ्या, पिनला १० किलोओहमचा रोध ग्राउंडला जोडा, आणि ईएसपी३२ च्या ०, २, ५, १२, १५ या पिना यासाठी वापरू नका, बोर्ड सुरू होताना त्यांची कामं वेगळी असतात. ओल्या जागेत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) हवाच.

बिघाड कुठल्या बाजूला झाला याने फरक पडतो. झोत अडकून चालू राहिला तर कलमं दोन दिवसांत सडतील, पण दुपारी बंद पडला तर तासा-दोन तासांत वाळतील. दोन्हींवर हार्डवेअरचं कुलूप हवं, कोडचं नाही. व्हॉल्व्हच्या वायरीत ३० सेकंदांनंतर तोडणारा टायमर टाका. दुसरीकडे ६ सेकंद चालू, ८ मिनिटं बंद असा साधा सायक्लिक टायमर डे-नाइट स्विचमधून समांतर ठेवा आणि तो एका पहारेकरी रिलेच्या एनसी संपर्कावर (रिले सुटली की जोडल्या जाणाऱ्या) जोडा. बोर्डाने दर मिनिटाला पल्स (क्षणभराचा सिग्नल) दिला तर ही रिले ओढलेली राहते. दोन मिनिटं पल्स आला नाही की ती सुटते आणि टायमर ताबा घेतो. बोर्ड जिवंत असून सेन्सर ओला झाला तर? १०,००० लक्सच्या वर २० मिनिटं सलग ९८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसलं, तर कोडने स्वतःच पल्स थांबवावा. हे सगळं बसवल्यावर एका दुपारी बोर्डाची पिन स्वतः उपसा आणि टायमर दोन मिनिटांत जागा होतो का, ते तिथे उभं राहून बघा.